टार्नेटचं घर आणि पाथर्डी फाट्याचा फ्लॅट

"माझा मुलगा आणि सून सहा वर्षांपासून मेलबर्नला आहेत. दोघंही नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना तिथे कायम राहण्याचा व्हिसा मिळाला. नातू अडीच वर्षांचा आहे. आता टार्नेट नावाच्या उपनगरात घर घ्यायचं चाललंय. मुलाने त्या भागाची माहिती देणारं एक पान पाठवलं. लोकसंख्या, वय, भारतीय किती टक्के, घरांची 'मीडियन' किंमत, आठवड्याचं भाडं, असं बरंच काही त्यात आहे. आम्ही दोघांनी ते दोनदा वाचलं, पण त्यावरून घर घ्यावं की नाही ते कळेना. त्यांच्याकडे साठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमलेत. आमचा पाथर्डी फाट्याला एक जादा फ्लॅट आहे, त्याचं महिना तेरा हजार भाडं येतं. तो विकून चाळीस लाख द्यावेत असं यांच्या मनात आहे. मुलाने मागितलेले नाहीत. जाऊबाई म्हणतात, तिथे निम्मा पंजाब वसलाय, मग परदेशात राहून उपयोग काय? पाच वर्षांत किंमत दुप्पट होईल का? आणि पैसे दिले तर घरावर आमचं नाव लावून घ्यावं का?"
– एक आई, नाशिक

ताई,

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. घर त्यांना घेऊ द्या, पण राहायला म्हणून. पैसा वाढवायला म्हणून नको. आणि पाथर्डी फाट्याचा फ्लॅट विकू नका.

टार्नेट ज्या विंडम नगरपालिकेत येतं, तिच्याच हद्दीत मी सतरा वर्षं राहते. टार्नेट माझ्या डोळ्यांदेखत वाढलं. आम्ही आलो तेव्हा लीक्स रोडवरून जाताना दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत आणि काळ्या दगडांची बुटकी कुंपणं दिसायची. आज त्याच रस्त्यावर सकाळी सातला गाड्यांची रांग लागते. मेलबर्नच्या मध्यापासून पश्चिमेला साधारण २५ किलोमीटरवरचा हा सपाट माळ. २०१६ च्या जनगणनेत इथे ३४ हजारांच्या आसपास माणसं होती, २०२१ मध्ये ५६,३७० झाली. पाच वर्षांत एका लहान तालुक्याच्या गावाएवढी वस्ती माळावर येऊन बसली. त्या पानावरचा प्रत्येक आकडा या एका गोष्टीच्या उजेडात वाचा.

लोकसंख्येचे ते आकडे १० ऑगस्ट २०२१ च्या रात्रीचे आहेत. ऑस्ट्रेलियात जनगणना दर पाच वर्षांनी एका ठरलेल्या रात्री होते. त्या वर्षी कोविडमुळे देशाच्या सीमा बंद होत्या. नवे विद्यार्थी, नवे नोकरदार, मुलांकडे येणारे आईवडील, सगळे अडकून पडले होते. सीमा उघडल्यावर जी माणसं आली ती त्या पानावर नाहीत. मुलाने पाठवलेलं टार्नेट आजच्या टार्नेटपेक्षा लहान आणि मोकळं आहे, हे ध्यानात असू द्या.

आता वयाचा आकडा. मीडियन म्हणजे सरासरी नव्हे, मध्यक. सगळ्यांना वयाप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधला माणूस किती वर्षांचा, ते. देशाचं मध्यक वय ३८ आहे, टार्नेटचं तिशीच्या आसपास. देशात एका घरात सरासरी अडीच माणसं राहतात, इथे तीनाहून जास्त. वरवर पाहिलं तर हे गोजिरवाणं चित्र आहे, तरुण जोडपी आणि लहान मुलं. पण या दोन आकड्यांत तुमच्या नातवाची शाळा दडलेली आहे. मुलं इतक्या वेगाने वाढली की शाळेची इमारत पुरत नाही, मग आवारात तयार खोल्या ट्रकवर आणून ठेवतात. इथे त्यांना 'पोर्टेबल' म्हणतात. शिक्षण वाईट असतं असं मी म्हणत नाही, माझी धाकटी अशाच एका खोलीत वाचायला शिकली. पण सरकारी शाळेत प्रवेश घराच्या पत्त्यावर ठरतो. रस्त्याच्या अलीकडे एक शाळा, पलीकडे दुसरी. तेव्हा घर पसंत पडायच्या आधी मुलाने सरकारी नकाशावर तो पत्ता घालून कुठली शाळा येते ते बघावं आणि शाळा सुटायच्या वेळी एकदा त्या फाटकाशी उभं राहावं. बालवाडीसाठी नाव कधी घालायचं, तेही आत्ताच विचारावं.

जाऊबाईंचा मुद्दा मला थोडा सविस्तर घ्यायचा आहे, कारण तो अनेकांच्या मनात असतो आणि कोणी उघड बोलत नाही.

पानावर तीन वेगळ्या गोष्टी असतात: जन्म कुठल्या देशात झाला, मूळ कुठलं सांगितलं आणि घरात भाषा कुठली बोलता. तिन्हींच्या टक्केवाऱ्या वेगळ्या येतात. भारतीय आईबापांचं इथे जन्मलेलं बाळ पहिल्या रकान्यात ऑस्ट्रेलियन, दुसऱ्यात बहुधा भारतीय आणि तिसऱ्यात आई त्याच्याशी जे बोलते ते. टार्नेटमध्ये परदेशात जन्मलेल्यांत भारतीयच सर्वांत जास्त आहेत आणि इंग्रजीखालोखाल पंजाबी ऐकू येते, हे खरं. पण हिंदी, उर्दू, गुजराती, तेलुगू बोलणारेही पुष्कळ आहेत. आपण मराठी माणसं त्यात थोडी, आणि तीही विखुरलेली.

तुमचं पत्र आलं त्या शनिवारी मी मुद्दाम टार्नेट सेंट्रल या दुकानांच्या संकुलात गेले. भाजीच्या दुकानात कढीपत्ता, कारली, भेंडी होतीच; शिवाय शेपूही होती, मी एक जुडी घेतली. बाहेर बसथांब्यावर एक आजी बसल्या होत्या. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, पायात नातीचे असावेत असे जांभळे बूट, मांडीवर दुधाची मोठी बाटली. सांगलीकडच्या निघाल्या. म्हणाल्या, "घर छान आहे हो, पण बस अर्ध्या तासाने येते. मुलगा-सून कामावर गेले की मी आपली खिडकीत." थोड्या वेळाने शेजारची सरदारजीण गाडी घेऊन आली आणि त्यांना सोडायला घेऊन गेली. दोघींना एकमेकींची भाषा फारशी येत नसावी. आजींनी दार लावता लावता तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली.

जाऊबाईंना हे सांगा. परदेशात जाऊन 'परक्यांत' राहिलं म्हणजेच सार्थक होतं असं मला वाटत नाही. ऑफिसात, रेल्वेत, दवाखान्यात मुलगा-सून दिवसभर सगळ्या जगाच्या माणसांबरोबर असतातच. संध्याकाळी आजारी मुलाला पाच मिनिटं सांभाळायला शेजारीण हक्काने येते, याची किंमत कुठल्याही पानावर छापलेली नसते. मी इथे एकटीने बाळंतपण काढलं आहे. त्या वेळी अशी शेजारीण असती तर मी काय दिलं नसतं!

पण या एकसारखेपणाला दुसरी बाजू आहे, आणि ती जाऊबाई म्हणतात त्याहून वेगळी आहे. इथली बहुतेक कुटुंबं एकाच वयाची, एकाच टप्प्यावरची. घर असणाऱ्यांपैकी फार मोठा भाग कर्जावर आहे. देशभर साधारण तिसरा हिस्सा कुटुंबांचं घर कर्जफेड होऊन मोकळं झालेलं असतं. टार्नेटमध्ये अशी घरं अगदी थोडी, आणि कर्जाचा हप्ता भरणारी घरं निम्म्याहून जास्त. मे २०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचा व्याजदर ०.१० टक्के होता, नोव्हेंबर २०२३ पर्यंत तो ४.३५ वर गेला. जिथे म्हातारी, कर्जमुक्त माणसं जास्त राहतात तिथे याची झळ फारशी लागली नाही. इथे मात्र गल्लीतल्या दहापैकी सहा-सात घरांना एकाच वेळी घाम फुटला. कोणी दुसरी नोकरी धरली, कोणी टॅक्सी चालवली, कोणी घर विकायला काढलं. सगळे एकाच नावेत असले की नाव हलते तेव्हा सगळ्यांचीच हलते. तुमच्या मुलाने कर्ज किती घ्यावं याचं उत्तर इथे आहे, आणि मी त्याकडे येतेच.

किंमत दुप्पट होईल का, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण तो नाशिकमध्ये उभा राहून विचारलेला आहे. गंगापूर रोडला वीस वर्षांपूर्वी प्लॉट घेतलेल्याला काय मिळालं ते आपण पाहिलंय. तिथे जागा संपली म्हणून भाव चढला. टार्नेटमध्ये जागा संपत नाही. या वसाहतीच्या पलीकडे पुढची वसाहत, तिच्या पलीकडे विंडम व्हेल, मॅनर लेक्स, मॅम्बोरिन. प्रत्येक नव्या वसाहतीच्या तोंडाशी रंगीत झेंडे आणि सवलतीच्या पाट्या. आठ वर्षं जुनं घर विकायला काढलं की गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याच पैशांत दोन किलोमीटर पुढे कोरं करकरीत मिळतंय. म्हणून इथला भाव धावत नाही, चालतो. गेली काही वर्षं इथल्या घरांची मध्यक किंमत साधारण साडेसहा ते सात लाख डॉलरच्या दरम्यानच घुटमळते आहे. अख्ख्या मेलबर्नची ती नऊ लाखांच्या वर आहे.

ही मध्यक किंमतही जरा जपून वाचा. त्या काळात जी घरं विकली गेली त्यांच्या ओळीतलं ते मधलं घर असतं. एखाद्या वर्षी दुमजली मोठी घरं जास्त विकली गेली तर आकडा वर जातो आणि वाटतं भाव वाढला. प्रत्यक्षात तुमच्या घराची किंमत जागच्या जागी असते. मुलाने तो आकडा बाजूला ठेवून, ज्या गल्लीत घर बघतोय त्याच गल्लीत, तेवढ्याच जागेवरचं, तेवढ्याच खोल्यांचं घर गेल्या सहा महिन्यांत कितीला गेलं ते काढावं. अशी तीन उदाहरणं मिळाली की पान फाडून टाकलं तरी चालेल.

भाड्याचं गणित तुम्ही स्वतः करू शकता. आठवड्याला पाचशे डॉलर धरा, वर्षाचे २६ हजार. साडेसहा लाखांच्या घरावर ते चार टक्के. त्यातून नगरपालिकेचा कर, विमा, दुरुस्ती जाते. कर्जाचं व्याज सहाच्या आसपास. भाड्याने देण्यासाठी हे घर घेणारा दर महिन्याला खिशातून भर घालत राहतो, भाव चढेल या आशेवर. तुमचा मुलगा तिथे राहणार आहे, त्याचं स्वतःचं भाडं वाचणार आहे, म्हणून त्याचं गणित बसतं. दुसऱ्या कोणी 'गुंतवणूक म्हणून टार्नेटला अजून एक घ्या' असं सुचवलं तर ते ऐकू नका.

रेल्वेचं सांगायलाच हवं. टार्नेटचं स्टेशन जून २०१५ मध्ये सुरू झालं आणि त्यानेच हा भाग फुगवला. सनशाइन, फुटस्क्रेमार्गे शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनपर्यंत साधारण अर्ध्या तासात पोचता येतं. पण ही शहरातली विजेची लोकल नव्हे. जीलाँगकडून आणि विंडम व्हेलकडून येणारी डिझेलची गाडी आहे, डबे मोजके, आणि ती बहुतेक वेळा भरूनच येते. हिवाळ्यात सकाळी त्या फलाटावर माळावरचा वारा थेट कानात शिरतो. टार्नेट वेस्ट नावाचं आणखी एक स्टेशन २०२६ मध्ये सुरू करायचं ठरलेलं आहे, त्याचा उपयोग होईल. पण 'होणार आहे' या शब्दावर आज जादा पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही घर घेतलं तेव्हा 'होणार आहे' म्हणून सांगितलेल्या काही गोष्टींची मी अजून वाट बघते आहे.

म्हणूनच मुलाला शेजारचं हॉपर्स क्रॉसिंगही बघायला सांगा. ते जुनं आहे, बरीचशी घरं सत्तर-ऐंशीच्या दशकांतली. दिसायला साधी, बुटक्या छताची, स्वयंपाकघर तपकिरी फरशीचं. तरुणांना पहिल्या नजरेत आवडत नाहीत. पण जागा बघा. टार्नेटच्या नव्या वसाहतीत साडेतीनशे चौरस मीटरचा प्लॉट मिळतो, म्हणजे आपले साडेतीन गुंठे, आणि त्यात घर कुंपणाला खेटून उभं. हॉपर्स क्रॉसिंगला पाच-सहा गुंठे सहज असतात. लिंबाचं झाड असतं, सावली असते. विजेची लोकल आहे. दोन्हीकडच्या किमतींत फार अंतर नाही. मला विचाराल तर मी तिकडे कौल देईन, कारण काळाबरोबर किंमत जमिनीची वाढते, भिंतींची उतरते.

ते नवीनच बांधायचं म्हणाले, तर एक अनुभव सांगते. आम्ही जमीन वेगळी आणि बांधकाम वेगळं, असा करार केला होता. नमुन्याचं घर बघून मी हरखले होते. मुख्य ओट्यामागे दुसरं छोटं स्वयंपाकघर, फोडणीचा वास बैठकीत येऊ नये म्हणून. इथले बांधकामवाले आपल्याला काय हवं ते चांगलं ओळखतात. त्या नमुन्याच्या घरातलं अर्धं सामान मूळ किमतीत नसतं, हे सही केल्यावर कळलं. आणि मग खोदकाम सुरू झालं. पश्चिम मेलबर्न हे ज्वालामुखीच्या लाव्ह्याचं पठार आहे, आपल्या दख्खनसारखंच. वर चिकट माती, खाली काळा कातळ. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया भक्कम घ्यावा लागतो. आणि कातळ लागला की फोडायचे पैसे वेगळे. आमच्या करारात ते 'प्रोव्हिजनल सम' या नावाखाली एका ओळीत होतं, म्हणजे अंदाजे रक्कम. अंदाज सहा हजारांचा होता, बिल वीस हजारांचं आलं. बांधकामवाल्याने करारातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं आणि आम्हाला बोलायला जागाच उरली नाही. त्या रात्री माझे यजमान ओट्याशी उभे राहून कॅल्क्युलेटरवर तीच बेरीज पुन्हा पुन्हा करत होते. तेव्हा खोदकामासकट पक्की किंमत लिहून देत असेल तरच सही, हे मुलाला माझ्या नावाने सांगा. जमिनीचं 'टायटल', म्हणजे मालकीहक्काचा कागद, नोंदलं गेलंय की अजून व्हायचंय, तेही विचारावं. नोंद लांबली की बांधकाम लांबतं आणि तोवर भाडं चालूच राहतं.

आता पैशांचं. मुलाकडे साठ हजार आहेत आणि दोघंही इथले कायम रहिवासी आहेत, म्हणून पहिल्या घराच्या सवलती त्यांना मिळायला हव्यात. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात पहिल्या घराला सहा लाखांपर्यंत मुद्रांक शुल्क माफ असतं, साडेसात लाखांपर्यंत अंशतः. साडेसहा लाखांच्या तयार घराला एरवी चौतीस हजार लागतात, त्यांना साधारण साडेअकरा हजार लागतील. जमीन घेऊन बांधलं तर शुल्क फक्त जमिनीच्या किमतीवर, आणि नवं घर साडेसात लाखांच्या आत असेल तर दहा हजारांचं अनुदानही आहे. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून केंद्र सरकारच्या हमीवर पाच टक्के रोख भरून पहिलं घर घेता येतं. मेलबर्नमध्ये त्यासाठी किमतीची मर्यादा साडेनऊ लाख आहे. एरवी वीस टक्क्यांपेक्षा कमी रोख असली की बँक कर्जाचा विमा कर्जदाराच्या गळ्यात घालते, तो या योजनेत लागत नाही.

म्हणजे असं बघा. साठातून शुल्क, वकील, घराची तपासणी, सामान हलवणं यांचे पंधरा हजार काढले. उरले पंचेचाळीस, ते पाच टक्क्यांपेक्षा जास्तच आहेत. कर्ज सहा लाख पाच हजारांचं. सहा टक्क्यांनी तीस वर्षांसाठी महिना साधारण ३,६३० डॉलर हप्ता. तुम्ही फ्लॅट विकून चाळीस लाख दिलेत, त्याचे पासष्ट हजार डॉलर धरले, तर हप्ता ३,२४० वर येतो. फरक महिन्याला सुमारे ३९० डॉलरचा. दोन पगारांच्या घरात हा फरक जाणवेल, पण घर होणं न होणं त्यावर अवलंबून नाही.

तुमच्या बाजूला काय जाईल? महिना तेरा हजारांचं भाडं. तुम्हा दोघांच्या औषधांचा, कामवाल्या बाईंचा, सणावाराच्या देण्याघेण्याचा आधार. फ्लॅट विकला की भांडवली नफ्यावर कर येईल. घर विकून घर घेतलं की करात जी सूट मिळते ती भारतातच घर घेतलं तर मिळते, मेलबर्नच्या घराला नाही. ही गोष्ट पुष्कळांना पैसे पाठवून झाल्यावर कळते. तेव्हा फ्लॅट विकून, त्यावर कर भरून आणि भाडंही घालवून, मुलाचा हप्ता चारशे डॉलरने उतरवण्यासाठी तुम्ही तुमच्या म्हातारपणाची काठी देऊन टाकता आहात. मुलाने मागितले नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. त्याने विचारपूर्वकच मागितले नसतील.

मला वाटतं, तो फ्लॅट सगळ्या कुटुंबाची राखीव गंगाजळी आहे. उद्या इथे एकाची नोकरी गेली, व्याज सातवर जाऊन हप्ता चार हजारांच्या पुढे गेला, तर सहा महिने तग धरायला तोच उपयोगी पडेल. बँकही कर्ज देताना चालू दरापेक्षा तीन टक्के जास्त धरून तपासते. पण बँकेने पास केलं म्हणजे घराला झेपलं असं नव्हे. मुलाने बँक देईल तेवढं नव्हे, तर एका पगारात वर्षभर ओढता येईल तेवढंच कर्ज घ्यावं, त्यासाठी घर एक खोलीने लहान झालं तरी चालेल.

तरीही तुमच्या यजमानांना मुलाला काहीतरी द्यायचंच असेल, आणि बापाच्या मनाचं मी समजू शकते, तर ठेवीतून थोडं द्या. भारतातून परदेशी पैसे पाठवताना दर माणशी दर आर्थिक वर्षाला दहा लाखांपर्यंत बँक कर कापून ठेवत नाही. त्यावरच्या रकमेवर भेट म्हणून पाठवताना वीस टक्के कापते. ते विवरणपत्रात परत मिळतात, पण वर्षभर अडकून पडतात. तुम्ही दोघांनी आपापल्या खात्यातून मार्चमध्ये थोडे आणि एप्रिलमध्ये थोडे पाठवले तर ही कटकटच उरत नाही. पाठवायच्या आधी सीएला एकदा दाखवा. इथली बँक तुमच्याकडून एक पत्र मागेल, की ही भेट आहे, उसने नाहीत. ते पत्र खरं असेल तरच सही करा.

घरावर नाव मात्र लावू नका. तुम्ही इथल्या कायद्याने परदेशी खरेदीदार ठरता. १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२७ पर्यंत परदेशी माणसाला जुनं, तयार घर घ्यायला बंदी आहे. नवं घ्यायचं तर केंद्राची परवानगी लागते आणि व्हिक्टोरिया सरकार तुमच्या वाट्यावर ८ टक्के जादा शुल्क लावतं. वर मुलाच्या पहिल्या घराच्या सवलती धोक्यात येतात. सुरक्षित वाटावं म्हणून नाव लावायचं आणि त्यापायीच हजारो डॉलर घालवायचे, असं होईल. दिलेल्या पैशांची मनात हुरहुर राहणार असेल, तर ते देऊच नका.

मुलाला एवढं करायला सांगा. एका मंगळवारी रजा न घेता, जे घर पसंत आहे त्याच्या दारातून सकाळी पावणेसातला निघावं आणि ऑफिसात पोचेपर्यंत घड्याळ बघावं. संध्याकाळी तसंच परत यावं आणि वाटेत पाळणाघर किती वाजता बंद होतं ते आठवावं. सुनेनेही दुसऱ्या दिवशी तेच करावं, तिची वाट वेगळी असेल. खासगी विक्रीत सही केल्यावर तीन कामाचे दिवस मागे फिरायला मिळतात, थोडा दंड भरून. लिलावात घेतलं तर तेही मिळत नाहीत. म्हणून करारासोबत येणारे 'सेक्शन ३२' चे कागद, म्हणजे विकणाऱ्याने दिलेली त्या घराची माहिती, आधी आपल्या वकिलाने वाचलेले असू द्यात, विकणाऱ्याच्या एजंटने सुचवलेल्या नव्हे.

आणि ताई, तुम्ही येणार आहातच. नातू शाळेत जाईल तेव्हा सहा-सहा महिने राहाल. बसथांब्यावरच्या त्या सांगलीच्या आजी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. स्टेशन, भाजीचं दुकान आणि ग्रंथालय पायी गाठता येईल असं घर असलं तर तुमचा दिवस खिडकीत जाणार नाही. इथल्या ग्रंथालयाला ज्युलिया गिलार्ड यांचं नाव आहे. त्या देशाच्या पंतप्रधान होत्या आणि याच भागातून निवडून यायच्या. सकाळी तिथे नातवंडांना घेऊन आलेले कितीतरी आजी-आजोबा दिसतात. घर दुमजली बघत असतील तर खालच्या मजल्यावर झोपायची एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर असू दे म्हणावं. पैसे दिलेत तरी आणि नाही दिलेत तरी, हे संकोच न करता सांगा.